हाडांच्या इंजेक्शनमुळे आईच्या जबड्याचं हाड उघडं पडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची, शुगर आहे. हाडं ठिसूळ झाल्यामुळे सहा वर्षं अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी (उपाशीपोटी घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ती), मग तीन वर्षं दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. तीन महिन्यांपूर्वी खालची दाढ काढली. 'औषधं कुठली चालू आहेत?' असं विचारलं तेव्हा आम्ही बीपी-शुगरच्या गोळ्या सांगितल्या. वर्षातून दोनदा टोचायचं इंजेक्शन हेही चालू औषधच, हे डोक्यातच आलं नाही. ते अजून खातंय मला.

खळगा भरलाच नाही. आई म्हणायची, दाढेचा तुकडा राहिलाय, जिभेला टोचतो. टॉर्च मारून बघितलं तर हिरडीतून पिवळट पांढरं काहीतरी डोकावत होतं. हाड! दुखणं फारसं नाही, पण वास येतो, म्हणून ती तोंडावर हात धरून बोलते.

तोंडाच्या सर्जननी सांगितलं, हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं आहे, जबड्याला रेडिएशन कधी दिलेलं नाही, म्हणजे हे औषधामुळेच. कॅन्सरमध्ये याच प्रकारची औषधं मोठ्या डोसात देतात, तेव्हा हे जास्त दिसतं, ठिसूळ हाडांसाठीच्या डोसात क्वचित. सध्या क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या आणि अँटिबायोटिक.

खरा घोळ पुढे आहे. वीस दिवसांनी पुढचं इंजेक्शन. सर्जन म्हणतात, जखम भरेपर्यंत थांबा. हाडांचे डॉक्टर म्हणतात, लांबवू नका. हे औषध गोळीसारखं हाडात वर्षानुवर्षं राहत नाही, थांबवलं की झीज उलट जोरात सुरू होते आणि मणके मोडू शकतात. दोघांचंही पटतं. मधे मी. दोघांना एकमेकांचे नंबर दिलेत, अजून बोलणं झालेलं नाही.

इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील, मला अनुभव हवेत. कुणाच्या घरी इंजेक्शन चालू ठेवूनही जखम भरली का? मेलेलं हाड आपोआप सुटून आलं, की ऑपरेशन करून काढावं लागलं? किती महिने गेले?

आणि कवळीचं काय केलंत? तिची खालची कवळी नेमकी तिथेच घासते, म्हणून काढून डबीत ठेवलीय. पण त्यामुळे ती घास न चावताच गिळते.