बंदुकीचा व्हॉल्व्ह बुजवला कोणी?

ए-२०३: पाण्याच्या बंदुका घेऊन फिरणाऱ्या मुलांच्या पालकांनी जरा लक्ष द्यावे. काल संध्याकाळी बाबांच्या तोंडावर फवारा बसला. चष्मा उडून जिन्यात पडला, काच गेली. ही खेळण्यातली धार नव्हती.

बी-५०१: अरेरे. काका बरे आहेत ना? पण मुलं आहेत, खेळणारच.

ए-२०३: खेळू देत की. क्रिकेटच्या वेळीही मीच गप्प बसले होते, आठवतंय ना?

सी-१०४: टाकीचं पाणी रोज संध्याकाळी कमी होतंय. त्याचं काय?

बी-४०२: ती बंदूक माझ्या लेकाने स्वतः सुधारलीय. कौतुक राहिलं बाजूला, सरळ ग्रुपवर तक्रार!

ए-६०१: सुधारली म्हणजे काय केलं, ते मी काल हातात घेऊन पाहिलं. जादा दाब सोडायला बंदुकीच्या टाकीच्या बगलेत बारीकसा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या तोंडात एपॉक्सी गोंद भरलाय. टाकीची शिवण आत्ताच फुगलीय.

बी-४०२: काका, सुपर सोकर ही पाण्याची बंदूक काढणारे लॉनी जॉन्सन नासात इंजिनिअर होते. १९८२ मध्ये घरच्या बाथरूममध्ये प्रयोग करताना त्यांना ही कल्पना सुचली. त्यांच्या एका नमुन्यातही पीव्हीसी नळी आणि बाटलीच होती.

ए-६०१: हो, पण तुमचा मुलगा आता नळीला सायकलचा पंप लावणार म्हणतोय. पाणी दाबून फारसं आकसत नाही, तडा गेला की दाब तिथेच उतरतो. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते, नळी फुटली की तुकडे उडतात. नळीवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो, हवेसाठी नाही.

बी-१०३: चला, सोसायटीत तोफखाना सुरू 😄

ए-२०३: हसण्यासारखं नाहीये हे.

ए-६०१: शिवाय दाब चौपट केला तरी वेग दुप्पटच होतो. बारीक धार हवेत फुटून तुषार होते. लांब न्यायची तर नोझल थोडं रुंद करावं. दोन मिलिमीटरचं भोक तीनचं केलं तर धार जाड होते, तेवढ्याच दाबात पाणी सव्वादोनपट जातं. मुलाला माझ्याकडे पाठवा, बसून करू.

सी-१०४: सव्वादोनपट!! तेच म्हणतोय, टाकीचं पाणी रोज कमी होतंय.

बी-१०३: साहेबांना टाकीवरच खुर्ची द्या.

सी-१०४: मागच्या वर्षी पंप जळाला तेव्हा कोण धावलं होतं, ते लोकांना माहीत आहे.

बी-५०१: कृपया विषयावर राहूया 🙏

सी-३०५: मी डोळ्यांच्या विभागात काम करते. जवळून जोराची धार बसली तर बुबुळापुढे रक्त साकळतं, कधी पडदाही सरकतो. सुरुवातीला दुखेलच असं नाही. ताई, काकांना धूसर दिसतंय का, चमकल्यासारखं किंवा काळे ठिपके दिसतायत का, विचारा.

ए-२०३: थांबा, विचारते.

बी-४०२: चष्म्याचे पैसे मी देते. पण आधी घरी येऊन बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

ए-२०३: काल दोनदा बेल वाजवली, वहिनी. दार उघडलं नाही कोणी.

सी-१०४: टाकीच्या पाण्याबद्दल कोणीच बोलत नाही.

ए-२०३: डाव्या डोळ्यासमोर सकाळपासून ठिपके नाचतायत म्हणाले. आम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाहीत.

सी-३०५: उद्यावर टाकू नका. डोळा चोळू देऊ नका. मी फोन करून ठेवते.

बी-४०२: मी खाली येते. बंदूक त्याच्याकडून काढून घेतलीय.

सी-१०४: ताई, माझी गाडी तुमच्या गाडीपुढे आहे. काढतो लगेच.