चाळिशीत कोळंबीची अ‍ॅलर्जी? (गोळी घेऊन खाल्ली तर चालेल का?)

सोडेवाली:
माहेर अलिबागचं, आता डोंबिवलीत. वय ४१. दात आल्यापासून कोळंबी खातेय. मे महिन्यात माहेरी कोळंबीभात झाला, हात धुतले आणि मनगटापासून खाज सुरू. अर्ध्या तासात पोटावर, मांड्यांवर रुपयाएवढ्या गांधी. आई म्हणाली पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी चोळलं, वर घोंगडी लपेटली. मे महिन्यात! शेवटी भावानं सेट्रिझिन आणून दिली, तेव्हा उतरलं.

परवा वांग्यात सोडे घातले, मोजून पाच. या वेळी वरचा ओठ सुजला, आवाज घोगरा झाला, घशात काहीतरी अडकल्यासारखं. नवरा म्हणतो तेल बदललंय त्याचं असेल. इतक्या वर्षांनी हे नव्यानं सुरू होतं का? आधी गोळी घेऊन मग खाल्लं तर? हसू नका, पुढच्या आठवड्यात गटारी आहे.

खाडीकाठचा_डॉक्टर:
ताई, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे मोघमच. पण होतं, आणि कोळंबीच्या बाबतीत मोठेपणीच सुरू झालेलं पुष्कळदा दिसतं. ज्या प्रथिनामुळे हे होतं ते शिजवून, वाळवून मरत नाही, म्हणून सोडेही तेवढेच वाईट. चिंबोरी, शेवंड, करंदी, जवळा एकाच कुळातले. सुरमई-बांगड्याचं प्रथिन वेगळं, ते बहुधा चालतात. तिसऱ्या, कालवांचं मात्र विचारून.

गोळीचा बेत सोडा. सेट्रिझिननं खाज आणि गांधी बसतात, सुजणारा घसा ती थांबवत नाही. उलट अंग साफ दिसतं आणि माणूस निर्धास्त दुसरं ताट वाढून घेतो. आवाज घोगरा होणं मला आवडलेलं नाही. पुन्हा तसं झालं, श्वास लागला, गरगरलं, तर आमसूल नको, गोळीही नको, लगेच १०८. आडवं राहायचं, श्वास लागत असेल तर बसायचं, उठून चालायचं नाही. तिथे औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, त्रास उलटू शकतो.

सदाशिव_शिंका:
सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात का हो? मला रोज वीस-पंचवीस यायच्या. निघाली गादीतल्या धुळीच्या किड्यांची अ‍ॅलर्जी. त्या किड्यात आणि कोळंबीत तेच प्रथिन असतं म्हणे! नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे रोज मारल्यावर दोनेक आठवड्यांत फरक पडला. पहिले चार दिवस काहीच होत नाही म्हणून मी बाटली फेकणार होतो. (मी शाकाहारी. माझं नुकसान शून्य.)

सोडेवाली:
शिंका?? हो! आमच्याकडे त्याला 'हिचा गजर' म्हणतात.

सोडेवाली (तीन आठवड्यांनी):
चाचणी झाली. आधी आठवडाभर सेट्रिझिन बंद ठेवायला सांगितलं होतं, नाहीतर त्वचा खोटं बोलते. हातावर पेनानं आकडे लिहून थेंब ठेवले, प्रत्येकात बारीक टोचलं. दुखत नाही, पण पंधरा मिनिटं खाजवायचं नाही ही शिक्षा. कोळंबीच्या जागी चांगला शेंगदाण्याएवढा फुगा! धुळीच्या किड्याला त्याहून लहान. बांगड्याला काही नाही, तेव्हा मी तिथेच देवाला हात जोडले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय काय झालं तर काय करायचं ते. एक प्रत फ्रिजवर, एक पर्समध्ये. स्प्रेही सुरू.

सोड्यांची बरणी शेजारी दिली, कढई घासून वेगळी ठेवली. आईला फोनवर सगळं नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, पण जवळा चालेल ना? तो काय, एवढास्सा असतो."