ढाल की रेज? पाचव्या लेव्हलच्या फायटर आणि बार्बेरियनच्या बचावाची तुलना

प्रश्न: ढालकरीण

नमस्कार. आम्ही पाच जण वर्षभर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ खेळत आहोत. आमचे नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. माझी फायटर (योद्ध्याच्या क्लासचे, म्हणजे प्रकारचे, पात्र) आता पाचव्या लेव्हलला आहे. स्प्लिंट चिलखताचे १७, ढालीचे २ आणि डिफेन्स ही लढण्याची शैली निवडल्याचा १ असा तिचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे घाव लागण्यासाठी हल्लेखोराला फासा आणि बोनस मिळून गाठावा लागणारा आकडा) २० होतो आणि हिट पॉइंट (जीव) ४४ आहेत. आमच्यातल्या एका मित्राचा बार्बेरियन मात्र चिलखत न घालता दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड घेऊन फिरतो. त्याचा एसी अवघा १५ आणि हिट पॉइंट ५५. असे असूनही गेल्या तीन बैठकींत माझी फायटर दोनदा शून्यावर आली आणि तो मात्र उभाच राहिला. माझ्या कॅरेक्टर शीटवरची हिट पॉइंटांची चौकट खोडरबराने इतकी झिजली आहे की पाठीमागची शाई दिसू लागली आहे.

पाच अंकांनी जास्त असलेला एसी इतका निरुपयोगी कसा ठरतो? फायटरचा बचाव मुळातच दुबळा आहे की माझे काही चुकते आहे? पॅलादिन (शपथबद्ध धर्मयोद्धा) किंवा रोग (चलाख चोरटा) या क्लासांच्या तुलनेत ती कुठे बसते, हेही जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. क्लास बदलण्याचा विचार मनात आहे, पण घाई करायची नाही.

उत्तर: फासेपंडित

एसी आणि बार्बेरियनच्या रेजमधून (लढताना चढवलेल्या संतापातून) मिळणारा रेझिस्टन्स हे दोन वेगळ्या जातींचे बचाव आहेत. एसी किती घाव लागणार हे ठरवतो, तर रेज लागलेल्या घावाचे वजन अर्ध्यावर आणते. त्यामुळे समोर कोण उभा आहे हे सांगितल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही.

हिल जायंट हा राक्षस घ्या. तो एका फेरीत दोनदा सोटा हाणतो, हल्ल्याला त्याला +८ मिळतात आणि एका घावाची सरासरी १८ आहे. तुमच्या एसी २० ला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त लागतात, म्हणजे विसात नऊ वेळा घाव बसतो आणि फेरीला सरासरी १६.२ हिट पॉइंट जातात. बार्बेरियनच्या एसी १५ ला तोच जायंट विसात चौदा वेळा लागतो, पण रेज चालू असल्याने घाव ९ चा होतो आणि फेरीचा हिशेब १२.६ वर थांबतो. रेज नसता तर हाच आकडा २५.२ झाला असता. (क्रिटिकलचा, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट होणाऱ्या घावाचा, परिणाम मी सोयीसाठी धरलेला नाही.)

आता यातली गंमत पाहा. तुमचा मित्र बहुधा रेकलेस अटॅकही (स्वतःला उघडे टाकून केलेला बेफिकीर हल्ला) वापरत असणार. तसे केल्यास त्याच्यावरील हल्ल्यांना ॲडव्हान्टेज मिळतो (दोन फासे टाकून मोठा धरतात), घाव बसण्याची शक्यता ९१ टक्क्यांवर जाते आणि फेरीचे नुकसान साधारण १६.४ होते, म्हणजे तो सुमारे ३.४ फेऱ्या टिकतो. तुम्ही सेकंड विंड (फायटरची स्वतःला सावरण्याची क्षमता) वापरलात, तर एक डी-टेन (दहा बाजूंचा फासा) अधिक ५ म्हणजे सरासरी १०.५ हिट पॉइंट परत मिळतात आणि तुम्हीही सुमारे ३.४ फेऱ्याच टिकता. सेकंड विंड वेळेवर वापरता का, हे आधी तपासा. त्यासाठीची बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) विसरून जाणारे फायटर मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एसी जितका वर जातो, तितका पुढचा प्रत्येक अंक अधिक मोलाचा होतो. याच जायंटपुढे १५ वरून १६ वर गेल्यास घाव सुमारे ७ टक्क्यांनी घटतात, तर २० वरून २१ वर गेल्यास ११ टक्क्यांनी. त्यामुळे १५०० सुवर्णमुद्रांचे प्लेट चिलखत तुमच्यासाठी चैन नाही.

उत्तर: पडद्यामागचा डीएम

वरील गणित बरोबर आहे, परंतु ते रेज चालू आहे असे गृहीत धरते. पाचव्या लेव्हलच्या बार्बेरियनला एका लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) तीनच रेज मिळतात. चौथ्या झुंजीत साध्या गॉब्लिनपुढे त्याचे काय होते ते पाहा. गॉब्लिनला हल्ल्यासाठी +४ आहेत. तुम्हाला तो विसात पाच वेळा लागेल, तर रेज संपलेल्या बार्बेरियनला दहा वेळा, म्हणजे नेमका दुप्पट. चिलखत संपत नाही, हा फायटरचा खरा फायदा आहे, आणि दिवसाला एकच मोठी झुंज ठेवणाऱ्या खेळात तो कधी दिसतच नाही. २०१४ च्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या) मार्गदर्शक पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने गृहीत धरलेले आहेत. बहुतेक टेबलांवर, माझ्याही, तसे होत नाही.

दुसरा मुद्दा सेव्हचा, म्हणजे मंत्र किंवा संकट टाळण्यासाठी टाकायच्या फाशाचा. एसी आणि साधी रेज या दोहोंचाही होल्ड पर्सनसारख्या, माणसाला जागीच खिळवणाऱ्या मंत्रापुढे काहीच उपयोग नाही. तिथे विझडम (पात्राच्या सहा ॲबिलिटींपैकी एक) सेव्ह लागते आणि फायटर व बार्बेरियन या दोघांनाही प्रावीण्य (फाशातली जादा भर) आहे ते स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनमध्ये. एकदा पॅरलाइझ झालात (हालचाल थांबली) की पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल धरला जातो. तुमची फायटर शून्यावर आली ती सोट्यांमुळे की अशा एखाद्या मंत्रानंतर, हे आठवून पाहा.

रोगविषयी थोडक्यात सांगतो. अनकॅनी डॉज फेरीतला एकच घाव निम्मा करतो आणि त्यात रिॲक्शन (फेरीत एकदाच मिळणारी प्रतिक्रिया) खर्च होते. दोन घावांच्या जायंटपुढे उभे राहणे हे त्याचे काम नव्हे.

उत्तर: जुनी_आवृत्ती

मी २००८ च्या चौथ्या आवृत्तीपासून खेळतो आहे. त्या आवृत्तीत एसी, फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल असे चार बचाव शीटवर शेजारीशेजारी लिहिलेले असत, आणि हल्ला करणाऱ्यानेच त्यांच्याविरुद्ध फासा टाकायचा असे. फायटरला फॉर्टिट्यूडमध्ये +२ मिळत, विझार्डला विलमध्ये +२ आणि पॅलादिनला एसी सोडून उरलेल्या तिन्हींत +१. कोणता क्लास कुठे उघडा पडतो, हे एका नजरेत कळत असे. पाचव्या आवृत्तीने ते सहा सेव्हमध्ये विखुरले आणि नवे खेळाडू एसीच्या मोठ्या आकड्यावर विसंबू लागले, अशी माझी जुनी तक्रार आहे.

चौथ्या आवृत्तीचा फायटर शत्रूला मार्क करीत असे. मार्क झालेल्या शत्रूने त्याला वगळून दुसऱ्यावर हल्ला केला, तर त्या हल्ल्यातून २ वजा होत. पाचव्या आवृत्तीत असे बंधन मूळ क्लासमध्ये नाही. म्हणून मूळ प्रश्नात थोडी भर घालतो: एसी २० असलेल्या फायटरला सोडून शत्रू मागच्या विझार्डकडे गेला, तर त्या एसीचा उपयोग कोणाला? बार्बेरियन रेकलेस अटॅक करतो तेव्हा तो सोपे लक्ष्य होतो आणि शत्रूला आपल्याकडे ओढतो. हाही एक बचावच आहे, फक्त तो इतरांचा असतो.

ढालकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुन्या नोंदी काढून पाहिल्या. दोन्ही वेळा मी होल्ड पर्सनमध्ये अडकले होते आणि एकदाही सेकंड विंड वापरलेले नव्हते. शिवाय आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक झुंजीनंतर लाँग रेस्ट होते, त्यामुळे मित्राची रेज संपलेली मी आजवर पाहिलेलीच नाही. क्लास बदलत नाही. माझे विझडम १३ आहे. सहाव्या लेव्हलला काय घ्यावे?

पडद्यामागचा डीएम

फायटरला सहाव्या लेव्हलला ॲबिलिटी वाढवण्याची जादा संधी मिळते. तुमचा डीएम फीट (ॲबिलिटी वाढीऐवजी घेता येणारे खास कौशल्य) वापरू देत असेल, तर रेझिलियंट घ्या आणि त्यात विझडम निवडा. १३ चे १४ होतील, प्रावीण्याचे ३ मिळतील आणि सेव्ह +१ वरून +५ वर जाईल. डीसी १३ च्या (फासा व बोनस मिळून १३ गाठावे लागणाऱ्या) मंत्राविरुद्ध वाचण्याची शक्यता ४५ टक्क्यांवरून ६५ टक्के होते. पार्टीत पॅलादिन असेल, तर त्याच लेव्हलला त्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो आणि त्याचा करिष्मा मॉडिफायर (त्या ॲबिलिटीचा बोनस) दहा फुटांतल्या साथीदारांच्या सर्व सेव्हमध्ये मिळवला जातो. मात्र तो शुद्धीवर असायला हवा. बॅटल मॅटवर त्याच्यापासून दोन चौकटींहून (एक चौकट पाच फुटांची) दूर जाऊ नका. आणि लाँग रेस्टविषयी डीएमशी एकदा बोला. मित्राला ते आवडणार नाही.