मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन अलास्कातल्या रँगल-सेंट इलायस नॅशनल पार्कला कसं जावं?
मंडळी, ऑगस्टमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत. बाबा 68 वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण हट्ट एकच: अलास्कात हिमनदीवर पाय ठेवायचाच!

अडचण पार्कच्या वाटेवरच्या चिटिना गावाच्या पुढे आहे. तिथून मॅकार्थी गावापर्यंत सुमारे 60 मैल खडीचा रस्ता, तोही जुन्या रेल्वेमार्गावरून गेलेला. आमच्या भाड्याच्या गाडीच्या करारात खडीचे रस्ते चक्क वर्ज्य. कुणी शटलने किंवा छोट्या विमानाने गेलंय का? साधारण खर्च किती आला?

मॅकार्थीजवळचा पादचारी पूल ओलांडून केनिकॉट हे जुनं खाणगाव गाठलं, की रूट ग्लेशियर ही हिमनदी तिथून साधारण 2 मैल चालत. बाबांना झेपेल? बुटांना लावायचे काटे तिथे भाड्याने मिळतात का?

आई पक्की शाकाहारी. मेतकूट-तांदूळ सोबत न्यायचेच, पण अस्वलांच्या मुलखात डबा ठेवायचा कुठे?