सुपर्ब स्टारलिंग: छातीवर पट्टा नसलेला पक्षी मादी की पिल्लू?

रानपाखरू: टांझानियात सेरेंगेटीतील आमच्या तंबूंपाशी सांडलेले अन्न टिपायला सुपर्ब स्टारलिंगचे थवे बिनधास्त येत असत. काळे डोके, झळाळती निळी-हिरवी पाठ, विटकरी पोट आणि छातीवरील निळा रंग जिथे संपतो तिथे बारीक पांढरा पट्टा, असे बहुतेकांचे रूप होते. मात्र एका छायाचित्रात त्याच थव्यातील एका पक्ष्याला हा पट्टाच नाही आणि त्याचा डोळाही लालसर दिसतो. ती मादी समजावी की पिल्लू?

माळढोक: दोन्ही नव्हे. या जातीत नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लांचे रंग मंद व डोळा तपकिरी असतो, तर प्रौढांचा डोळा फिकट पांढरट असतो. आपला पक्षी हिल्डेब्रांट स्टारलिंग असावा. केनिया व टांझानियात तो सुपर्बच्या थव्यात सर्रास मिसळतो. खात्रीसाठी शेपटीखालचा भाग पाहावा, कारण सुपर्बचा तो पांढरा असतो, हिल्डेब्रांटचा तांबूस. निळ्या छटेवर मात्र विसंबू नये; ती निळ्या रंगद्रव्याची नसून पिसांतील मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांच्या रचनेमुळे उमटते आणि उन्हाचा कोन बदलला की पालटते.

रानपाखरू: शेपटीखाली तांबूसच आहे, आभारी आहे. आणखी एक शंका: बाभळीसारख्या काटेरी झाडावरील सुपर्बच्या एकाच घरट्यात दोनांहून अधिक पक्षी चारा नेत होते, ते कसे?

झुडपी रान: सुपर्ब स्टारलिंग गटाने राहतात आणि जोडप्याच्या पिल्लांना चारण्याचे व घरटे राखण्याचे काम इतरही करतात. ते सारे नातलगच असतील असे आपण सहज धरून चालतो, पण केनियातील लायकिपिया भागात सुमारे 20 वर्षे ठेवलेल्या नोंदींवरून 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की नाते नसलेले पक्षीही मदतीला येतात आणि आज मदत करणारा पक्षी पुढे स्वतः वीण घालतो, तेव्हा पूर्वी ज्याला साह्य केले तोच अनेकदा त्याच्या मदतीला येतो. इतकी चिकाटीची पाहणी झाली नसती, तर ही परतफेड ध्यानातही आली नसती.

माळढोक: त्यांच्या आवाजाबद्दलही सांगायला हवे. शिकारी पक्षी दिसल्यास एक आणि जमिनीवरील शिकारी प्राणी दिसल्यास दुसरा, असे त्यांचे इशारे वेगवेगळे असतात. केनियातील अंबोसेलीत ध्वनिमुद्रित इशारे ऐकवले असता व्हर्वेट माकडे पहिल्या इशाऱ्याला आभाळाकडे पाहत आणि दुसऱ्याला झाडाकडे धावत.