मदत हवी आहे: ओढ्याकाठी जिओकॅशचा डबा कुठे लपवायचा?

रानवाट: लोकहो अर्जंट आहे. रविवारी कॉलनीतल्या मुलांना घेऊन चाललो, त्याआधी जिओकॅशचे, म्हणजे जीपीएसवर शोधायच्या खजिन्याचे, डबे लागले पाहिजेत. ओढ्याकाठी झाडी भारी आहे, जांभूळ, करंज, अर्जुन, आणि खजिना शोधता शोधता पोरांना कळावं की तलावात पाणी येते कुठून. पण झाडाखाली मोबाईल दर मिनिटाला वेगळंच लोकेशन दाखवून राहिला, वरून जिओकॅशिंगच्या साइटवर डब्याची नोंद तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं पण ती परत पाठवली. लवकर सांगा.

मधुरा_ना: कुठला ओढा? जागा कोणाची? रिव्ह्यूअरनं कारण काय दिलं?

टेकडीदादा: दाट झाडाखाली जीपीएस असंच करते. फोन एका जागी ठेव, थोडा वेळ थांब, वेगवेगळ्या दिवशी रीडिंग घेऊन सरासरी काढ. अन् फॉरमॅट पहा. 21 अंश 07.500 मिनिटं म्हणजे 21.125 अंश, तिथं 21.075 टाकलं तर माणूस साडेपाच किलोमीटर भलतीकडे जाते.

रानवाट: दादा फॉरमॅट बरोबर आहे. लाव्हा गावाकडून नागपूरच्या अंबाझरी तलावात येतो तो ओढा. रिव्ह्यूअर म्हणतो जागेची परवानगी दाखवा आणि दोन डबे फार जवळ आहेत. परवानगी काहून, आपण काही तोडून राहिलो का?

मधुरा_ना: दोन डब्यांत 161 मीटर लागतातच. तलावामागचं जैवविविधता उद्यान वनविभागाकडे आहे, तिथे लेखीच घ्या. डबा पुरायचा नाही, आत खाऊ ठेवायचा नाही, वासानं जनावरं येतात.

काळीमाती: माझं ऐकाल तर काठावर डबा नकोच. मुळांच्या बेचक्यात ठेवला की जो तो तिथूनच खाली उतरतो, आधी गवत जाते, मग काळी माती उघडी पडते, उन्हात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या जोरदार पावसात ढेकळं सरळ पाण्यात. तो गाळ 1870 साली बांधलेल्या अंबाझरी तलावात जाऊन बसतो. त्यापेक्षा अर्थकॅश करा, डबाच नसतो, जागेवर खडक बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची. आपल्याकडे बेसाल्ट पायाखालीच आहे.

टेकडीदादा: पोरांना डबा उघडायचा असते भाऊ, खडकाचे प्रश्न कोण सोडवते? पायवाटेच्या वरच्या अंगाला ठेवा, ओढ्याकडे उतरायचं कामच नाही.

काळीमाती: मग पायवाटेवरूनच हात पोचला पाहिजे. शोधणारे दगड उलथवतात, दादा.

भटकंती_प्रेमी: आम्ही हिमाचलात तीर्थन खोऱ्यात गेलतो, काय पाणी, ट्राउट मासे दिसतात! आपल्या ओढ्यात सोडता येतील का?

मधुरा_ना: नाही हो. ट्राउटला बारमाही थंड पाणी लागते, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो आणि ओढाच आटतो. पण गाळाचं तिथेही हेच, गोट्यांमधली अंडी गुदमरतात.

नागकाठ: 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आमच्या घरात पाणी होतं. आधी तलावातून खाली येणाऱ्या नाग नदीवरची अतिक्रमणं काढा, डबे नंतर!

काळीमाती: दोन्ही करायचं. वरचा काठ उघडा पडला तर खालीच त्रास.

मधुरा_ना: रानवाट, परवानगी रविवारपर्यंत येणार नाही. त्या दिवशी कचरा वेचायचा कार्यक्रम ठेवा, जिओकॅशिंगवाले 2002 पासून जगभर करतात.

रानवाट: चालते, पोरांना पोती देतो, पायवाट सोडायची नाही असं बजावतो. डबा पायवाटेवरचा एकच ठेवू, परवानगी आली की. वनविभागाचा अर्ज कोणाच्या नावानं करायचा अन् सोबत नकाशा लागते का? सोमवारीच नेऊन देतो.