कबुतराने ‘ओळखले’, त्याला ‘कळले’ की ‘उमगले’?

प्रश्न : कबुतरांवरील प्रयोगांविषयीच्या मराठी लेखनात ‘ओळखणे’, ‘कळणे’ आणि ‘उमगणे’ ही क्रियापदे सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. ते योग्य आहे का? ‘अध्ययन’ हा शब्द पक्ष्याला लावावा का?

प्रतिसाद १ : माझ्या मते ती सरमिसळ टाळावी, कारण प्रत्येक क्रियापद प्राण्याच्या पदरात वेगवेगळी क्षमता टाकते. १९६४ साली हर्नस्टीन आणि लव्हलँड या संशोधकांनी कबुतरांना माणूस असलेले छायाचित्र दिसले की चोच मारायला शिकवले, तेव्हा पूर्वी न पाहिलेल्या छायाचित्रांतही त्यांची निवड बहुतांशी बरोबर ठरली. येथे ‘ओळखले’ हे चपखल आहे; ‘माणूस म्हणजे काय हे कळले’ असे म्हणायला मात्र त्या प्रयोगात आधार नाही.

‘उमगणे’ तर त्याहून जपून वापरावे, कारण त्यात कोडे मनात घोळण्याचा आणि एकाएकी उलगडण्याचा भाव आहे. १९८४ साली एप्स्टाइन व सहकाऱ्यांनी कबुतरांना दोन गोष्टी सुट्या शिकवल्या : खोके जमिनीवरील हिरव्या ठिपक्याकडे ढकलणे आणि खोक्यावर चढून वर टांगलेल्या लहानशा नकली केळ्यावर चोच मारणे. पुढे केळे आवाक्याबाहेर टांगून खोके दूर ठेवले, तेव्हा कबूतर आधी दोहोंकडे आळीपाळीने पाहत राहिले, मग खोके ढकलत केळ्याखाली नेऊन थांबले, वर चढले आणि त्याने चोच मारली. पाहणारा ‘उमगले!’ असेच म्हणेल. पण ठिपक्याकडे ढकलण्याचे शिक्षण न मिळालेल्या कबुतरांना हे जमले नाही. म्हणून ‘शिकलेल्या कृती जुळवून आणल्या’ असे लिहिणे मला प्रामाणिक वाटते.

प्रतिसाद २ : ‘कळणे’विषयी थोडा मतभेद नोंदवतो. ‘तान्ह्या बाळाला आईचा आवाज कळतो’ या वाक्यात ते ‘ओळखणे’ याच अर्थाने येते, त्यामुळे ‘कबुतराला फरक कळतो’ हे निर्दोष आहे. अडचण ‘म्हणजे काय हे कळते’ या विस्तारात आहे. ‘अध्ययन’ म्हणजे मानसशास्त्रात अनुभवामुळे वर्तनात घडणारा बराचसा टिकाऊ बदल, तेव्हा तेथे तो पक्ष्यालाही लागू पडतो. सर्वसाधारण वाचकाला मात्र त्यातून ग्रंथाभ्यास सुचतो, म्हणून त्याच्यासाठी साधे ‘शिकणे’ बरे.

माझ्या दृष्टीने खरा घातक शब्द ‘अंधश्रद्धा’ हा आहे. कबूतर काहीही करो, ठरावीक अंतराने दाणे पुढे येतील अशी व्यवस्था अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी एका प्रयोगात केली होती, आणि त्यावरील १९४८ च्या शोधनिबंधातील एक पक्षी दाण्यांच्या दोन खेपांमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेत असे. दाणे येताना योगायोगाने चालू असलेली हालचाल पक्ष्याला जडते, असे मानून स्किनर यांनीच अशा वर्तनाला अंधश्रद्धा म्हटले असले, तरी मराठी शब्दात ‘श्रद्धा’ उघड बसलेली असल्याने पक्ष्याच्या मनात काही विश्वास होता, असे आपण नकळत सांगून बसतो.

प्रतिसाद १ : हे मान्य. मी ‘योगायोगाने जडलेली लकब’ सुचवणार होतो. पण १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी दाखवले, की अशा हालचालींपैकी बऱ्याचशा अन्नाची वेळ जवळ-दूर असण्यानुसार पक्ष्यांमध्ये अशा योगायोगाशिवायही उमटतात. तेव्हा ‘योगायोगाने जडलेली’ हे विशेषण स्किनर यांचे मत सांगतानाच वापरावे, एरवी नुसते ‘लकब’ लिहावे.